दुसरं पान

१२ जानेवारी, सोमवार

कंपनीची डायरी दरवर्षी येते आणि दरवर्षी मी ती बायकोला, गोदाला, देऊन टाकतो. ती तिच्यात पापडाची प्रमाणं आणि भजनातल्या बायकांचे फोन नंबर लिहिते. या वर्षी दिली नाही. मला लागणार आहे म्हटल्यावर तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

पहिल्या पानावर नाव-पत्त्याला जागा आहे, ती भरली. रावजी घवाळी, वय सत्तावन्न, मुक्काम हातखंबा. हुद्दा: डेपो प्रमुख, रत्नागिरी. आमची कंपनी मासेमारीची जाळी आणि दोर बनवते. हर्णैपासून जैतापूरपर्यंत कुठल्याही बंदरात नवं जाळं दिसलं तर ते बहुतेक माझ्या डेपोतून गेलेलं असतं. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. थोडी आहे बढाई.

आज हेड ऑफिसचं परिपत्रक आलं. एक एप्रिलपासून अधिकाऱ्यांच्या गाड्या बंद, डिझेल बंद. खर्चकपात म्हणे. एकोणीस वर्षं सकाळी आठ-दहाला माझ्या फाटकाशी दोनदा हॉर्न वाजतो, मी 'आलो रे' म्हणून ओरडतो आणि मागच्या सीटवर डावीकडे जाऊन बसतो. गाड्या तीन बदलल्या, आता पांढरी बोलेरो आहे. ड्रायव्हर एकच, राजिवड्याचा मजीद होडेकर. कुवेतहून परत आला तो थेट आमच्या कंपनीत लागला, तेव्हापासून माझ्याच गाडीवर.

परिपत्रकात दोन पर्याय होते. अ, गाडी कंपनीला परत, ती चिपळूणच्या गोदामाला जाणार. ब, गाडी अधिकाऱ्यानं नाममात्र किमतीत स्वतः घ्यायची, मात्र एकतीस मार्चच्या आत त्याच्या नावावर चारचाकीचा परवाना हवा. मी ब वर खूण केली, सही ठोकली आणि कागद नितेशकडे दिला. नितेश माझा सहायक, वय अठ्ठावीस, त्याला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दाखवायचं असतं. 'सर, दुसऱ्या पानावर' असं काहीतरी सुरू केलं त्यानं. म्हटलं, बाबा रे, पहिलं पान साहेबाचं आणि बाकीची ऑफिसची. तीस वर्षं मी असंच काम केलंय आणि एक जाळं इकडचं तिकडे झालेलं नाही. त्यानं दुसरं पान माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि तोंड पाडून गेला.

एकच अडचण आहे. मला गाडी चालवता येत नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

गोदाला सांगितलं. मला वाटलं हसेल. हसली नाही. 'म्हंजे गाडी आपली हुनार? आनि तुमी चालवनार?' असं दोनदा विचारलं. तिचं माहेर साखरप्याच्या पुढे, एसटीतून उतरून अर्धा तास चढ आहे. गुडघ्यांमुळे दोन वर्षं गेलेली नाही. कंपनीची गाडी घरच्या कामाला वापरायची नाही हा माझा नियम, त्यावरून आमची भांडणं झालेली आहेत. संध्याकाळपर्यंत तिनं भावाला, भावजयीला आणि शेजारच्या दोन घरांत सांगून टाकलं की चैत्रात आम्ही गाडीनं येतो.

आता शिकणं भाग आहे. तिसाव्या वर्षी लूनावरून निवळीच्या उतारावर पडलो होतो, तेव्हापासून चाक हातात घेतलेलं नाही. लोकांना वाटतं साहेब आहे म्हणून मागे बसतो. ते तसंच वाटत राहिलेलं बरं होतं.

१६ जानेवारी, शुक्रवार

कंपनीनं मजीदलाही काहीतरी पत्र पाठवलंय. काय ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. पण कुवारबावला सिग्नलशी आरशातून बघत म्हणाला, 'सायेब, त्या परिपत्रकाचा दुसरा पान वाचलात तुमी?'

माझं डोकंच फिरलं. ड्रायव्हरनं साहेबाला कागद वाचलात का म्हणून विचारायचं! 'वाचलंय,' म्हटलं.

'सगळा?'

'वाचलं म्हणजे सगळंच वाचतात ना रे.'

'आनि तरी ब?'

'ब. विचार करून ब.'

त्यानं आरशातून बघायचं थांबवलं. मिरजोळ्याला डेपोत पोचेपर्यंत गाडी नेहमीपेक्षा जोरात हाकली. घरी काहीतरी बिनसलेलं असावं. ताजबीची, म्हणजे त्याच्या बायकोची, शुगर वाढलेली असते, आणि मुलगी आयात चिपळूणला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिचीही काळजी असणार.

उतरताना मी सांगून टाकलं, 'मजीद, मला गाडी तू शिकवायचीस. ड्रायव्हिंग स्कूलच्या पोरांकडून मी शिकणार नाही.' तो किल्लीकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, 'शिकवतंय. पन मी सांगीन तसा कराय लागंल. तिथं तुमी सायेब नाय. माझ्या हातचा आजवर कोण नापास झाला नाय.'

नितेशलाही त्यानंच शिकवलंय. ते मला आजच कळलं.

२ फेब्रुवारी, सोमवार

कच्चा परवाना मिळाला. कॉम्प्युटरवर परीक्षा होती, पंधरापैकी चौदा बरोबर आले. चुकलं ते वळणावर ओव्हरटेक करण्याबद्दलचं. मजीदला आकडा सांगितला तर म्हणाला, 'चुकायचा तो एकच प्रश्न तुमी बरोबर निवडलात.' लाल रंगात एल लिहिलेला कागद त्यानं स्वतः काचेला चिकटवला, कोपरे नखानं दाबून दाबून.

५ फेब्रुवारी, गुरुवार

चंपक मैदानावर पहिला धडा. गाडी थांबली, मजीद उतरला आणि मी सवयीनं मागेच बसून राहिलो. त्यानं येऊन पुढचं उजवं दार उघडलं. एकोणीस वर्षं तो माझ्यासाठी मागचं दार उघडतोय.

गाडी अकरा वेळा बंद पडली. मैदानात क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून बघायला लागली तेव्हा मी काच वर केली. मजीद मात्र शांत. 'गियर पायानं नाय, कानानं टाका. इंजिन सांगता आता बदल म्हनून. एवढी वर्षं मागं बसून फोनावर बोलत होतात, तेचा आवाज कधी ऐकलात नाय.' दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी उतरून गेलो असतो.

परत येताना त्याला विचारलं, एवढं चांगलं शिकवतोस, कुवेतला परत का गेला नाहीस? 'मागच्या आठवड्यात एजंटाकडं जाऊन आलंय,' म्हणाला. 'पन्नाशीच्या वरचा ड्रायवर नको म्हनतात.' मला आश्चर्य वाटलं. इथं सगळं बरं चाललेलं असताना या वयात कुवेतचं वेड कुठून आलं त्याला?

१० फेब्रुवारी, मंगळवार

हेड ऑफिसातून तेजस्वी मॅडमचा फोन. त्या माणसांचं खातं बघतात, मुलगी वयानं लहान आहे पण बोलणं नीट. जयगडहून येत होतो, फोन गाडीच्या स्पीकरवर लागला.

'घवाळी सर, पर्याय बदलायचा आजचा शेवटचा दिवस. तुमचा ब कायम ठेवू ना?'

'कायम.'

'ड्रायव्हरशी तुमचं बोलणं झालंय ना, सर?'

'अहो, तो समोरच बसलाय. तोच तर मला शिकवतोय. त्याला सगळं माहीत आहे.'

'सगळं माहीत आहे?' तिनं पुन्हा विचारलं, मी हो म्हटलं. मग 'ओके सर' म्हणून तिनं ठेवला. मला वाटलं मजीद हसेल, की बघा, साहेबांनी मुंबईला आपलं नाव सांगितलं. तो समोर बघत गाडी चालवत राहिला. निवळी येईपर्यंत मी ऑर्डरी वाचल्या.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आजपासून त्याचे रोजे सुरू. म्हटलं, शिकवणी संध्याकाळी रोजा सुटल्यावर ठेवू. नको म्हणाला, 'उजेडात शिकलेला बरा. आनि दिवस कमी ऱ्हायलेत.' म्हणजे दुपारी चार ते सव्वापाच, उन्हात. मी बाटलीतून पाणी प्यायलो तेव्हा तो तोंड फिरवून बाहेर बघत होता. उद्यापासून बाटली नेणार नाही. एवढं मला कळतं.

हल्ली तो फार कमी बोलतो. रोज्यामुळे असावं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आजचं गोदाला सांगितलेलं नाही.

हातखंब्याच्या चढावर पुढे सिमेंटचा ट्रक थांबला. मी थांबलो. निघताना क्लच सुटला, गाडी बंद पडली आणि मागे जायला लागली. मागे एसटी होती, भरलेली. मी ब्रेक शोधत होतो आणि पायाला ब्रेक सापडत नव्हता. देवाचं नावसुद्धा आठवलं नाही. मजीदनं दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. एसटीच्या तोंडापासून हातभर अंतरावर गाडी थांबली. एसटीचा ड्रायव्हर उतरून शिव्या द्यायला लागला तर मजीद खाली उतरून त्याला म्हणाला, 'चूक माझी हाय. शिकवनारा मी.'

मग बाजूला गाडी लावून तो दगडावर बसला. ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, बस झालं, नाही शिकायचं मला. गाडी गेली चिपळूणला तरी चालेल.

तो एकदम माझ्याकडे वळला. 'खरा सांगताव, सायेब?'

त्याच्या आवाजात काय होतं ते मला अजून समजत नाही. मला वाटलं त्याला माझी लाज वाटतेय, की साहेब घाबरला. म्हणून छाती काढून म्हटलं, 'छे रे, गंमत केली. घवाळी माघार घेत नाही.' तो उठला, पँटवरची माती झटकली. 'मग चला. हिथंच परत चढवा. आता नाय चढवलात तर कधीच चढवनार नाय.'

चढवली. तिसऱ्या खेपेला चढली.

८ मार्च, रविवार

आमच्या घरी शिमग्याची, ग्रामदेवाची पालखी आली. अंगणात पंचवीस-तीस माणसं. मजीद दरवर्षी येतो, फाटकाशी उभा राहतो, प्रसादाचा नारळ घरी नेतो. आज रोजा असूनही आला.

गाऱ्हाणं लवू दादानं घातलं. वाडीतला सर्वांत जुना माणूस, त्याला सगळ्यांच्या घरातलं सगळं ठाऊक. 'बा देवा म्हाराजा! आज तुज्या लेकरानं, रावजीनं, म्हातारपनी गाडी शिकाय घेतलीन हाय. तेच्या हातात बळ दे, तेच्या पायात अक्कल दे.' सगळे हसत हसत ओरडले, 'व्हय म्हाराजा!' गोदा पदर तोंडाला लावून हसत होती. मग लवू दादानं नेहमीचं पुढचं म्हटलं, 'आनि तेच्या पदरी जो मानूस हाय, तेच्या पोटाला काय कमी पडू देव नुको म्हाराजा!' 'व्हय म्हाराजा!' सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

मी कौतुकानं फाटकाकडे बघितलं. मजीद चपला घालत होता. नारळ न घेताच गेला. नितेशच्या हाती मागून पाठवला.

१४ मार्च, शनिवार

आज आरे-वारेच्या रस्त्यानं गणपतीपुळ्यापर्यंत गेलो आणि आलो. गाडी मी चालवली. पूर्ण.

हे कुणाला सांगता येत नाही म्हणून इथं लिहितो. उतारावर वळण घेतलं आणि डाव्या हाताला खाली सगळा समुद्र उघडला. हा रस्ता मी पाचशे वेळा गेलोय आणि मागच्या सीटवर डोकं खुपसून ऑर्डरी वाचत गेलोय. आज इंजिनाचा आवाज ऐकला. गियर कानानं टाकला. एकदाही बंद पडली नाही. मला रडू आलं, ते मी खोकला म्हणून दाबलं. आयुष्यात हाताला कुठलीच कला नव्हती माझ्या. सही करणं सोडून.

मजीद म्हणाला, 'आता तुमी पास.' मी म्हटलं, मजीद, तू नसतास तर काही झालं नसतं. तो म्हणाला, 'व्हय. ता खरा हाय.' परीक्षेची तारीख मिळालीय, सत्तावीस मार्च, शुक्रवार.

२१ मार्च, शनिवार

ईद. दरवर्षीप्रमाणे राजिवड्याला गेलो. या वर्षी गाडी मी चालवत नेली, गोदा शेजारी नवी साडी नेसून. मजीद गाडीत नसताना कच्च्या परवान्यावर चालवायची नाही, म्हणून तो बिचारा आम्हाला न्यायला हातखंब्याला आला आणि मागे बसला. माझ्या जागेवर.

ताजबीनं शीरखुर्मा दिला, पण दरवर्षीसारखी बसून बोलली नाही. गोदा कौतुकानं गाडीचं सांगायला लागली तेव्हा ताजबी म्हणाली, 'घ्या बाय, तुमी तरी फिरा. कुनाचा तरी बरा झाला.' मला तो सूर आवडला नाही. निघताना आयात दाराबाहेर आली आणि हळूच म्हणाली, 'काका, तुमची खूप ओळख आहे. बाबांसाठी दुसरं काम कुठं असेल तर सांगाल? ते स्वतः तुम्हाला विचारणार नाहीत.'

दुसरं काम! एकोणीस वर्षांनी! म्हणजे कुवेतच्या एजंटाकडे जाणं, तोंड पाडून बसणं, सगळं याचसाठी होतं. घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. मागच्या सीटवरून तो फक्त एकदा म्हणाला, 'सायेब, गियर.' मी तिसऱ्यात चढ चढवत होतो.

२३ मार्च, सोमवार

आज तेजस्वी मॅडमला पत्र लिहायला बसलो, की ड्रायव्हर नोकरी सोडायच्या विचारात आहे, पुढची व्यवस्था कळवा. परिपत्रकाचा क्रमांक हवा होता म्हणून ड्रॉवर उघडला. दुसरं पान वर आलं.

जसं आहे तसं उतरवतो. 'पर्याय अ स्वीकारल्यास गाडीवरील चालकाची बदली गाडीसोबत चिपळूण गोदामात करण्यात येईल. पर्याय ब स्वीकारल्यास चालकाचे पद दिनांक ३१ मार्चपासून रद्द समजावे.'

तीन वेळा वाचलं. मग दार लावून घेतलं.

त्यानं मला विचारलं होतं. वाचलात का, सगळं वाचलात का, तरी ब का. आणि मी काय म्हटलं? विचार करून ब. त्या दिवसापासून हा माणूस समजतोय की मी त्याची नोकरी जाणून-बुजून घेतली. आणि असं समजून तो दीड महिना रोज दुपारी शेजारी बसला. उपाशी, पाण्याशिवाय. एसटीच्या ड्रायव्हरसमोर माझी चूक स्वतःवर घेतली. चढावर मला म्हणाला, खरं सांगता? आणि मी म्हटलं, गंमत केली.

मला माझी लाज वाटते. याहून वेगळं काही लिहिता येत नाही.

मुंबईला फोन लावला. पर्याय बदलत नाही, मुदत दहा फेब्रुवारीलाच संपली. गाडी नको म्हटलं तर? तरी पद रद्दच, सर, कागद वर गेलेत. तेजस्वी मॅडम हळू आवाजात म्हणाली, 'फक्त एकच आहे सर. एकतीसपर्यंत तुमचा परवाना आला नाही तर ब आपोआप बाद होतो. मग गाडी ड्रायव्हरसह चिपळूणला. पण तुमचा शुक्रवारी येईलच म्हणा.'

२४ मार्च, मंगळवार

परीक्षेला गेलोच नाही तर? सर्वांत सोपं. पण शुक्रवारी सकाळी मजीद फाटकाशी हॉर्न देणार, त्याला कारण सांगावं लागणार. ताप आला म्हटलं तर उचलून डॉक्टरकडे नेईल. खरं सांगावं तर म्हणेल, माझ्यासाठी नको, तुम्ही द्या परीक्षा. आणि खरं सांगायचं म्हणजे मी वाचलं नव्हतं हे सांगायचं. खोटं बोललो होतो हे सांगायचं. आज गाडीत तीन वेळा तोंड उघडलं. तिसऱ्या वेळी त्यानं विचारलं, 'काय सायेब, घसा बसला?'

नितेश त्या दिवशी दुसऱ्या पानाचंच सांगत होता. त्यालाही काही म्हणालो नाही.

२६ मार्च, गुरुवार

रामनवमीची सुट्टी. गोदा देवळातून गाडीसाठी झेंडूचा हार करून घेऊन आली, पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय. भावाचा फोन आला तिला, फणस राखून ठेवलाय म्हणून. फोनवर ती सांगत होती, 'हे आता एकदम ड्रायवर झालेत.'

माझ्या बाजूनंही लिहायला हवं. मला ती गाडी हवी आहे. आता आधीपेक्षा जास्त हवी आहे. आधी रुबाबासाठी हवी होती, आता चालवायला हवी आहे. संध्याकाळी अंगणात खुर्चीवर बसून डावा पाय दाबत होतो आणि सोडत होतो. गोदानं विचारलं, पाय दुखतो का? हो म्हटलं.

२७ मार्च, शुक्रवार

आरटीओच्या मैदानात बांबू रोवून आठचा आकडा आखलेला. माझ्या आधी चार पोरं, एक मुलगी. सगळी पास. कुंपणाबाहेर मजीद उभा, हात मागे बांधून.

आठचा पहिला अर्धा मी असा घेतला की इन्स्पेक्टर वहीतून डोकं वर काढून बघायला लागले. तेवढा मोह मला आवरता आला नाही. मग मधोमध आलो आणि क्लच सोडला. गाडी धक्का देऊन बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा सोडला. तिसऱ्यांदा बांबूवर घातली. बांबू मोडल्याचा आवाज झाला आणि कुणीतरी हसलं.

'काका, घाबरलात,' इन्स्पेक्टर चांगल्या मनानं म्हणाले. 'सात दिवसांनी परत या.'

सात दिवसांनी म्हणजे तीन एप्रिल. मी आभार मानून उतरलो. मागचं दार उघडायला गेलो तर मजीद म्हणाला, 'पुढं बसा.'

तो चालवायला लागला. कुवारबाव गेलं, खेडशी गेली. मला वाटलं शिव्या देईल, त्याच्या हातचा पहिला नापास मी. कारवांचीवाडीशी म्हणाला, 'सायेब, तुमचा पाय मी दीड महिना बघतंय. आज क्लच सुटला नाय. तुमी सोडलात.'

'वय झालं रे,' म्हटलं.

रस्त्यावर गाई होत्या, त्यानं त्या जाऊ दिल्या. मग समोर बघतच विचारलं, 'दुसरा पान कधी वाचलात?'

'सोमवारी,' मी म्हणालो.

त्यानं इंडिकेटर दिला, गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिला. मी डाव्या खिडकीतून बाहेर बघत होतो. मग त्यानं रुमालानं तोंड पुसलं, पहिला गियर टाकला आणि मला घरी सोडलं.

२८ मार्च, शनिवार

गोदा कालपासून बोलत नाही. तिला कारण सांगितलं, सगळं, पहिल्या पानापासून. ती म्हणाली, 'मग गप कशाला बसलात? माजं माहेर काय पळून चाललं होतं?' आणि आत गेली. हार आज देवाला घातला. माझ्याशी अजून बोलत नाही, पण चहात साखर बरोबर होती.

१ एप्रिल, बुधवार

आठ-दहाला फाटकाशी दोनदा हॉर्न वाजला. मी दाढी करत होतो. 'आलो रे!' म्हणून ओरडलो आणि तोंडाला फेस तसाच ठेवून बॅग उचलली. गोदा ओट्यावरून बघत होती. चार दिवसांनी हसली.

बोलेरो थांबली नव्हती. चिपळूणकडे वळताना वेग कमी झाला तेवढाच. पुढच्या सीटवर आयात होती, तिनं हात केला. काचेवरचा लाल एल काढून टाकलेला होता, चिकटपट्टीचे चार कोपरे राहिलेले दिसले.

मी एसटीनं गेलो. पुढची सीट मिळाली. उतारावर दोनदा माझा उजवा पाय आपोआप दाबला गेला आणि शेजारच्या बाईनं पिशवी बाजूला घेतली.

दुपारी डेपोत फोन आला. मला वाटलं पोचल्याचं कळवतोय.

'सायेब, शुक्रवारी सात दिवस होतात. फॉर्म भरलात?'

'अरे, आता गाडी कुठं आहे?'

'गाडी नितेशच्या मेव्हन्याची सांगून ठेवलीय. मी रजा टाकून येतंय. माझ्या हातचा मानूस नापास ऱ्हायलेला मला चालायचा नाय.' जरा थांबून म्हणाला, 'आनि या टायमाला पाय जाग्यावर ठेवा.'

नितेशला फॉर्म काढून आणायला सांगितलं. तीन पानी आहे. तो टेबलाशी उभा आहे, सही कधी करतो म्हणून. त्याला म्हटलं, बस जरा, मला वाचायला वेळ लागेल.